सातातला अर्धा ठोका

"थांबा," जयदीप म्हणाला आणि त्यानं बेस गिटारच्या तारांवर तळहात ठेवला. "परत गेलं."

एप्रिल महिना होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि वीज केंद्राच्या कॉलनीतला क्लबचा हॉल आत्ताच तापला होता. खिडकीतला कूलर आम्ही बंद ठेवायचो, कारण त्याच्या घरघरीत जयदीपला मोजता येत नसे. मी गिटार गळ्यात अडकवून उभा होतो. गाणारा नेल्सन माईकपाशी पाणी पीत होता. माझ्या डाव्या बाजूला, ड्रम्सच्या मागे, रोहिदास तायडे शर्टाच्या बाहीनं मान पुसत होता.

"कुणाचं गेलं?" नेल्सननं विचारलं.

"तेच तर शोधायचंय. चौथ्या फेरीला मी 'एक'वर येतो, तेव्हा गिटार आणि ड्रम्स अर्धा ठोका पुढे गेलेले असतात. दोघं बरोबर असतात म्हणून नुसतं ऐकताना कळत नाही." जयदीपनं रोहिदासकडे पाहिलं. "रोहिदास, मला वाटतं ड्रम्स पळतायत."

रोहिदासनं मान हलवली. "असंल. परत घेऊ ना."

परत घेतलं. परत गेलं.

हे १९९६ साल. मी सत्तावीस वर्षांचा, भुसावळला विमा कंपनीच्या ऑफिसात कारकून. रोहिदास माझ्याहून वर्षभरानं मोठा, रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. जयदीप अत्रावलकर पुण्यात इंजिनियर होऊन वीज केंद्रात लागलेला, आणि गावात बेस गिटार असलेला एकुलता एक माणूस. आम्ही स्वतःची गाणी कधी केली नाहीत. साहेबलोकांच्या बँडांची गाणी कॅसेटवरून उतरवून घ्यायची आणि हुबेहूब वाजवायची, एवढाच आमचा धंदा. त्यातून मिळायचं काही नाही, पण आठवडाभर आम्ही त्या रविवारची वाट बघायचो.

रोहिदास आणि मी त्याआधी नऊ वर्षं एकत्र वाजवत होतो. सुरुवात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये झाली. तिथे लेस्टर अंकल नावाचे निवृत्त मेल ड्रायव्हर होते. नाताळच्या नाचासाठी त्यांना रॉक अँड रोल वाजवणारी पोरं हवी होती. मला चार कॉर्ड्स येत होत्या. रोहिदासला त्यांनी कुठे पाहिलं, तर एका लग्नात. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे आणि त्या दिवशी ते आजारी असल्यानं त्यांच्या जागी हा उभा होता. अंकल वरातीच्या मागे मागे अर्धा किलोमीटर चालत गेले आणि वरात थांबल्यावर त्याला म्हणाले, "तू शनिवारी इन्स्टिट्यूटमध्ये ये."

अंकल पुढे मुलाकडे पर्थला गेले. जाताना त्यांनी स्वतःचा ड्रम सेट रोहिदासला दिला. मग आम्ही दोघांनी एका बँकेतल्या माणसाला धरून ब्लूजचा बँड काढला. तो मोडल्यावर हार्ड रॉकचा काढला. मग दोन वर्षं मेटल वाजवलं, तेव्हा मी केस खांद्यापर्यंत वाढवले होते आणि ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्ये जाताना ते कॉलरच्या आत खोचायचो. प्रत्येक वेळी माणसं बदलली, बँडचं नाव बदललं, वाजवण्याचा प्रकार बदलला. आम्ही दोघं तेवढे तेच. नवीन गाणं बसवताना आम्हाला बोलावं लागत नसे. रोहिदास माझ्या उजव्या हाताकडे बघायचा आणि वाजवायचा.

जयदीपचा प्रकार मात्र वेगळा होता. त्याला म्हणतात प्रोग्रेसिव्ह रॉक. बारा-बारा मिनिटांची गाणी, आणि त्यातली निम्मी नेहमीच्या चार ठोक्यांच्या फेरीत नाहीतच. जे गाणं अडलं होतं ते सातात होतं. चार आणि तीन, चार आणि तीन. पहिल्या दिवशी जयदीपनं ते फळ्यावर लिहून दाखवलं, तेव्हा रोहिदास म्हणाला, "हा तर रूपक तालच आहे. फक्त तीन आणि चारच्या ऐवजी चार आणि तीन." आणि त्यानं तिथल्या तिथे वाजवून दाखवलं. जयदीप इतका खूश झाला की त्यानं उठून त्याला मिठी मारली. मला ते सात जमायला तीन आठवडे लागले. जमले, असं मी सगळ्यांना सांगितलं.

जूनमध्ये पुण्याला हौशी बँडची मोठी स्पर्धा होती. आम्ही कॅसेट पाठवली होती आणि निवडलेही गेलो होतो. आमच्या भागातून तोवर कुणी तिथपर्यंत गेलं नव्हतं. जयदीपनं एक नियम घातला होता: शेवटचं गाणं सातातलंच वाजवायचं. तेवढ्यासाठीच लोक आपल्याला लक्षात ठेवतील, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटलं होतं. पुण्याला नंतर बदली मागायची आणि तिथल्या एखाद्या खऱ्या बँडमध्ये शिरायचं, असं माझ्या मनात होतं. हे मी रोहिदासला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर जयदीपनं टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून माझ्या हातात दिली. सोबत त्याचा लाकडी मेट्रोनोमही दिला, किल्ली दिली की टिकटिक करत ठोके मोजणारा.

"सकाळचं सगळं यात आहे," तो हळू म्हणाला. रोहिदास तेव्हा खाली स्कूटरला सिंबलची, म्हणजे पितळी थाळ्यांची, पिशवी बांधत होता. "तू नीट ऐक. तू त्याच्याबरोबर नऊ वर्षं वाजवतोयस. पळतंय कोण, ते तुलाच कळेल."

मी दुपारी खोलीचं दार लावून कॅसेट ऐकली. मेट्रोनोम लावून चार वेळा ऐकली. संध्याकाळ झाली तेव्हा आईनं दारावर थाप मारून चहा बाहेर ठेवलाय असं सांगितलं. तो मी घेतला नाही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी जयदीपच्या क्वार्टरवर गेलो. तो व्हरांड्यात बनियनवर बसून शेंगा सोलत होता. मला बघून त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

"ऐकलीस?"

"ऐकली."

"मग?"

मी म्हणालो, "थोडा पळतो तो. गाणं तापायला लागलं की पळतो."

"पूर्वीपासून?"

"पूर्वीपासूनच. चारातल्या गाण्यात ते खपून जायचं."

जयदीप शेंगा बाजूला ठेवून विचार करत बसला. त्याला रोहिदास आवडायचा. तो म्हणाला, "पण कमाल आहे. बाकी त्याचा हात इतका पक्का आहे. मेट्रोनोमवर बसवून घेतला तर सुधारेल?"

इथे मी गप्प बसू शकलो असतो. "बघूया प्रयत्न करून" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "अवघड आहे. त्याचे वडील वरातीत ताशा वाजवायचे. हा लहानपणापासून तेच ऐकत, वाजवत आलाय. वरातीत पुढे पुढेच जायचं असतं. ते हातातून जात नाही."

जयदीपला हे माहीत नव्हतं. तो "अच्छा" म्हणाला. त्यानं शेंगांची टरफलं गोळा केली. शेवटी म्हणाला, "जळगावला एक मेडिकलचा मुलगा आहे. मेट्रोनोमसारखा वाजवतो. त्याला विचारू का?"

"तुला योग्य वाटेल ते कर," मी म्हणालो.

"रोहिदासला तू सांगशील?"

"तू सांग. बँड तुझा आहे."

बुधवारी संध्याकाळी जयदीपनं रोहिदासला क्लबवर बोलावलं. मलाही बोलावलं होतं. मी ऑफिसात काम निघाल्याचं सांगून मुद्दाम पाऊण तास उशिरा गेलो. पोचलो तेव्हा जयदीप निघून गेला होता आणि रोहिदास एकटाच हॉलमध्ये ड्रम्स सोडवत होता. सिंबलच्या दांड्याचा नट त्याच्या दातांत धरलेला होता. मला बघून त्यानं तो काढून खिशात टाकला.

"झालं बोलणं," तो म्हणाला. "बरोबर आहे त्याचं."

"वाईट वाटलं मला."

"त्यात काय. स्पर्धा आहे भाऊ." त्यानं मोठा ड्रम आडवा केला आणि पेडलचा स्क्रू सैल करायला घेतला. थोड्या वेळानं खाली बघतच म्हणाला, "मले आधी सांगायचं ना पण तू. मी शेडमधून आल्यावर रोज तासभर बसलो असतो. सुधारलं असतं."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक "बघू पुढे" असलं काहीतरी. मी त्याला ड्रम्स खाली न्यायला मदत केली. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, तू राहू दे, तुले बोटं सांभाळायला पाहिजेत.

जळगावचा मुलगा चांगला होता. घड्याळाच्या काट्यावर वाजवायचा. पण त्याच्याकडे स्वतःचे ड्रम्स नव्हते, कॉलेजचे होते आणि ते पुण्याला न्यायची परवानगी मिळेना. स्पर्धेला दहा दिवस उरले होते. जयदीप मला म्हणाला, "रोहिदासचा सेट मागायला मला तोंड नाही. तू विचार. तुझं ऐकेल तो."

मी गेलो. रोहिदासची सकाळची पाळी होती, दुपारी तीनला घरी आला होता. दारासमोर बसून डब्यातली उरलेली भाकरी कोंबड्यांना टाकत होता. मी विचारलं आणि मान खाली घातली. त्यानं एका क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"घेऊन जा ना. घरात पडूनच आहे." मग म्हणाला, "फक्त पेडलची स्प्रिंग ढिली झाली आहे. मी शेडमधून दुसरी आणून बसवतो. त्या पोराला सांग, डाव्या बाजूचा सिंबल जोरात मारू नको, त्याला बारीक चीर आहे."

निघायच्या दिवशी तो स्टेशनवर आला. ड्रम्स त्यानं स्वतः गोणपाटात बांधून, सुतळीनं आवळून आणले होते. सामानाच्या डब्यात त्यानंच ते चढवले, हमालाला हात लावू दिला नाही. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. तो जळगावच्या मुलाला प्लॅटफॉर्मवर बाजूला घेऊन काहीतरी समजावत होता. नंतर त्या मुलानं मला गाडीत सांगितलं, "ते म्हणाले, गिटारवाल्याच्या उजव्या हाताकडे बघ. तो सांगतो तिथे ठोका पडतो."

पुण्याला आमचा नंबर सातवा होता. पाचशे-सहाशे माणसं होती. पहिली दोन गाणी झक्क झाली. नेल्सनचा आवाज लागला होता. मग सातातलं सुरू झालं. पहिली फेरी ठीक, दुसरी ठीक. तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझा हात खाली आला तेव्हा तिथे ठोका नव्हता. मी एकटाच होतो. अर्ध्या ठोक्यानंतर ड्रम आणि बेस एकदम पडले आणि मी त्यांच्यात घुसायला गेलो, तर आणखी चुकलो. त्या मुलानं माझ्या हाताकडे बघितलंच नाही. त्याला तशी सवय नव्हती, आणि ती त्याची चूकही नव्हती. तो बरोबर वाजवत होता. पुढची आठ मिनिटं मी अक्षरशः चाचपडत होतो. पुढच्या रांगेतला एक मुलगा हसला. शेवटी मी गिटारचा आवाज कमी करून नुसता हात हलवत राहिलो.

मला नवल वाटलं नाही. हे मला एप्रिलमधल्या त्या रविवारीच कळलं होतं. मेट्रोनोम लावून कॅसेट ऐकली तेव्हा पहिल्याच वेळी कळलं होतं आणि उरलेल्या तीन वेळा मी ते खोटं निघावं म्हणून ऐकली होती. प्रत्येक सातच्या शेवटचा ठोका मी थोडा खात होतो. अगदी थोडा. चौथ्या फेरीपर्यंत तो अर्धा व्हायचा. आणि दर वेळी माझ्या मागून, केसाएवढ्या अंतरानं, रोहिदासचा ठोका यायचा. तो पळत नव्हता. मी जिथे जाईन तिथे तो येत होता. नऊ वर्षं तो तेच करत आला होता आणि त्यामुळेच मला इतकी वर्षं वाटत होतं की माझा ताल उत्तम आहे. त्याच रविवारी रात्री झोपायच्या आधी मी ती कॅसेट पुसून तिच्यावर रेडिओवरच्या बातम्या भरल्या.

स्टेजच्या मागे जयदीप बेस पिशवीत घालत होता. तो चिडला नव्हता. म्हणाला, "सुहास, पळत होता तो तू होतास."

मी गिटारची तार सैल करत राहिलो.

"तुला कॅसेटमध्ये कळलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

त्याला ते खरं वाटलं. तो म्हणाला, "मलाही नाही कळलं, तुला कसा दोष देऊ. पण आपण त्या माणसावर अन्याय केला. गेल्या गेल्या तू त्याला भेट. सगळं सांग, माझ्याकडून माफी माग आणि परत घेऊन ये. नाहीतर थांब, मीच येतो तुझ्याबरोबर."

"नको," मी म्हणालो. "माझा मित्र आहे. मी बोलतो."

भुसावळला उतरल्यावर मी ड्रम्स हातगाडीवर घालून रोहिदासच्या घरी पोचवले. त्यानं विचारलं, "कसं झालं?"

"नंबर नाही आला. माईकनं घोळ घातला."

"असं होतं," तो म्हणाला. गोणपाट सोडून त्यानं सिंबलवरून बोट फिरवलं, चीर वाढली नाही ना ते बघितलं. "आणि तो पोरगा? सातात बसला बरोबर?"

"बसला."

"मग झालं तर."

तिसऱ्या दिवशी मी जयदीपला सांगितलं, "नाही म्हणाला तो. म्हणतो, आता वाजवायचंच नाही. तू जाऊ नकोस, उगाच त्याला अवघडल्यासारखं होईल." जयदीप खूप खट्टू झाला. दोन महिन्यांनी त्याची बदली चंद्रपूरला झाली. बँड मोडला. दीड वर्षानं मला पुण्याला बदली मिळाली आणि मी भुसावळ सोडलं.

रोहिदासनं त्यानंतर ड्रम्सला हात लावला नाही. हे मला नेल्सनकडून अधूनमधून कळायचं. सेट त्यानं रेल्वे इन्स्टिट्यूटला देऊन टाकला आणि तिथल्या गोदामात तो सडला.

पुण्यात मी भरपूर वाजवलं. एका बँडमध्ये ब्लूज, एकात सत्तरच्या दशकातलं हार्ड रॉक. पोरं मोठी होईपर्यंत थोडा खंड पडला, मग पन्नाशीच्या लोकांचा एक बँड जमला. दर रविवारी सकाळी कोथरूडला एका इमारतीच्या तळघरात आम्ही भेटायचो. ड्रम्सवर मेघना टिळेकर होती, दातांची डॉक्टर. चार वर्षं आम्ही एकत्र वाजवत होतो. एका रविवारी गाणं संपल्यावर ती हसत म्हणाली, "सुहास, तुम्ही फेरीचा शेवटचा ठोका खाता, माहितीये ना?"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी सांभाळून घेते. आता तर सवयच लागलीये, कळतही नाही."

बाकीचे हसले. मीही हसलो. गिटार पिशवीत घालताना मला चेन लागेना. मेघनानं येऊन ती लावून दिली आणि बरं वाटत नाहीये का असं विचारलं.

पुढच्याच शनिवारी मी भुसावळला गेलो. पुण्याच्या त्या स्पर्धेला बावीस वर्षं झाली होती.

रोहिदासनं गावाबाहेर स्वतःचं घर बांधलं होतं. अकरा वाजले होते. त्याची साप्ताहिक सुट्टी होती. पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून तो पंख्याची पाती पुसत बसला होता. केस पांढरे झाले होते, पण हात तेच होते. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं फडकं टाकलं.

"सुहास? अरे, बस बस. सुनंदा अंगणवाडीत गेली आहे. संघमित्रा, पाणी आण बेटा. पुण्याचे काका आले."

आतून एकोणीस-वीस वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. ती आत अभ्यासाला गेली. आम्ही लेस्टर अंकल, नेल्सन, शेड असं दहा मिनिटं बोललो. मग मी सांगितलं. कॅसेट, व्हरांडा, पुण्याचं स्टेज, जयदीपचा निरोप, मी मारलेली थाप, सगळं ओळीनं सांगितलं. तो पंख्याचं एक पातं मांडीवर घेऊन बसून राहिला.

मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "वरातीचं तूच बोलला होता ना?"

"जयदीपनं सांगितलं तुला?"

"तो म्हणाला, तुझ्या हातात वरात आहे. मी तेव्हाच समजलो. माझे वडील काय करायचे ते त्याले कुठं माहीत होतं?" त्यानं पातं खाली ठेवलं. "राग आला होता मले. दोन दिवस जेवलो नाही. मग वाटलं, सुहास बोलला म्हणजे असंलच तसं. तू खोटं कायले बोलशील? नऊ वर्षं तूच तर सगळ्यात जवळून ऐकलं होतं मले."

मला त्याच्याकडे बघता येईना.

"कॅसेट आहे ती?" त्यानं विचारलं.

"नाही. मी पुसली."

"हां," तो म्हणाला. बराच वेळ तो दाराबाहेर बघत राहिला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग एक बाई दोन बादल्या घेऊन गेली. "मी त्यात समाधानी होतो, माहीत आहे? आपल्याले येत नव्हतं, म्हणून सोडलं. असं म्हटलं की माणूस गप्प झोपतो. आता तू सांगतो की येत होतं. आता या वयात मी त्याचं काय करू?"

"चूक झाली माझी, रोहिदास."

"ते तर दिसतंच आहे." त्याचा आवाज चढला नव्हता. "ही आत आहे ना, हिले सातवीत ड्रम शिकायचे होते. शाळेत बाई आल्या होत्या शिकवणाऱ्या. ही टेबलावर, डब्यावर, सगळीकडे वाजवायची. मी म्हणालो, बेटा, आपल्या घरात तालच नाही. तुझ्या बापानं करून पाहिलं, लोकांनी काढून टाकलं. तुझंही तेच होईल, हसतील. मी तिले वाचवायला म्हणून बोललो. तिनं दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं." तो थांबला. "तेव्हापासून एकदाही टेबलावर बोट वाजवलं नाही तिनं. मी कान देऊन असायचो."

मी माफी मागायला पुन्हा तोंड उघडलं. त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली.

"संघमित्रा."

"रोहिदास, नको," मी म्हणालो.

"मले सांगून काय उपयोग? माझं झालं. तिले सांग."

ती हातात पेन घेऊन दारात आली. बापाचा चेहरा बघून तिचा चेहरा बदलला. "काय झालं, बाबा?"

"काका काय सांगतात ते ऐक," तो म्हणाला. त्यानं फडकं उचललं, पण पुसलं काही नाही.

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. तिच्यासमोर सांगताना ते फार थोडं निघालं, पाच मिनिटांतच संपलं. वरातीबद्दल मी जे बोललो होतो तेही सांगितलं. आजोबांचं नाव निघाल्यावर तिनं एकदा बापाकडे पाहिलं. बाकी पूर्ण वेळ ती माझ्याकडे बघत होती. वही तपासताना शिक्षक बघतात तशी, चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे ते शोधत.

"म्हणजे बाबांना येत होतं?" तिनं विचारलं.

"हो. आमच्यात सगळ्यात चांगलं त्यालाच येत होतं."

"आणि हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं."

"हो."

रोहिदास उठून मोरीत गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो सुरूच राहिला.

"मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?" तिनं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "वाजवत होतो."